रामू खोऱ्यातील ऊसमळा आणि शेजारची पिटपिट : एक प्रकरण अभ्यास

पापुआ न्यू गिनी हा देश १९७५ साली स्वतंत्र झाला, तेव्हा त्याला लागणारी साखर बाहेरून येत होती. ज्या बेटावर उसाचा जन्म झाला असे वनस्पतिशास्त्र मानते, तेथेच साखर आयात करावी लागावी, ही गोष्ट नव्या सरकारला साहजिकच खटकली. मदांग प्रांतातील रामू नदीच्या खोऱ्यात, गुसाप येथे, गवताळ माळरानावर १९७९ च्या सुमारास बेणेमळे उभे राहू लागले आणि १९८२ साली कारखान्यातून साखर बाहेर पडली. पुढे चार वर्षांच्या आतच या मळ्यावर असा रोग आला, जो तोपर्यंत जगातल्या कोणत्याही ऊसशास्त्रज्ञाने नोंदवला नव्हता. रोग कोठून आला याचा शोध घेताना नजर मळ्याच्या कुंपणापलीकडे, खेड्यांतल्या परसबागांकडे आणि नदीकाठच्या रानगवताकडे वळणे अपरिहार्य होते. त्या परसबागांत उसाची एक सख्खी बहीण, पिटपिट नावाचे गवत, शेकडो वर्षे नांदत होती. प्रस्तुत लेखनाचा विषय ती आणि तिच्यावर ठेवला गेलेला संशय हा आहे.

या गवताचे शास्त्रीय नाव सॅकरम एड्यूल. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिन या व्यवहारभाषेत त्याला पिटपिट म्हणतात, फिजीत दुरुका, वानुआतूत नाविसो आणि इंडोनेशियात तेरुबुक. बोर्निओ-जावापासून फिजीपर्यंतच्या पट्ट्यात ते लावले जाते. डोंगराळ भागात पिटपिट याच नावाने सेटारिया पामिफोलिया हे दुसरे एक गवतही ओळखले जाते. त्याचे कोवळे कोंब खातात, मात्र ते उसाच्या सॅकरम प्रजातीतले नव्हे आणि या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही. आपली पिटपिट दिसायला थेट उसासारखी असते. पुरुषभर किंवा त्याहून उंच बेट (म्हणजे एका बुंध्यातून उठलेला झुपका), कांड्या, डोळे, करवतीसारख्या कडांची पाने, सारे तेच. फरक कळतो तो तुऱ्याच्या, म्हणजे फुलोऱ्याच्या, वेळी.

महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला तुरा म्हटले की कपाळाला आठी पडते. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस लहान होऊ लागले की शेंड्याच्या आत तुऱ्याचा अंकुर धरतो, दिवाळीच्या आगेमागे तो बाहेर पडतो, वाढ थांबते, तोड लांबली तर पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, ऊस भेंडाळतो (आतून भुसभुशीत होतो) आणि वजन व साखरेचा उतारा दोन्ही घसरतात. पिटपिटीच्या शेंड्यातही असाच अंकुर धरतो, परंतु तो कधीच बाहेर पडत नाही. फुलोऱ्याच्या फांद्या फुटत राहतात, पण लांबत नाहीत. पानांच्या आवरणांत घट्ट गुंडाळलेल्या अवस्थेतच त्यांचा एक भरीव, पिवळसर पांढरा दांडा बनतो. फुले पूर्णावस्थेला जात नाहीत आणि बीही धरत नाही. वनस्पतीच्या दृष्टीने हा दोषच आहे, कारण स्वतःची प्रजा वाढवण्याचा मार्गच तिने गमावला आहे. माणसाच्या दृष्टीने मात्र हेच पीक आहे. प्राचीन काळी कोणी तरी असे न उमललेले बेट हेरले, चाखले आणि त्याची टिपरी, म्हणजे डोळे असलेला कांडीचा तुकडा, काढून घराजवळ लावली. तेव्हापासून आजतागायत पिटपिटीचे प्रत्येक बेट माणसाच्या हातूनच एका बागेतून दुसऱ्या बागेत गेलेले आहे.

काढणीची रीत साधी असली तरी नजर लागते. शेंड्याजवळचा भाग फुगीर दिसू लागला की बोटांनी दाबून आतला भरीवपणा पाहतात आणि कोयत्याने वरची हात-दीड हात लांबीची कांडी छाटतात. वरची हिरवी आवरणे तशीच ठेवली जातात, कारण ती काढली तर आतला दांडा लवकर सुकतो. बाजारात या कांड्यांच्या जुड्या बांधून विकतात. घरी त्या आवरणासकट निखाऱ्यावर भाजल्या जातात. बाहेरची पाने करपली की एकेक पदर सोलत जायचे. आतून निघणारा गर रवाळ असतो आणि दाताखाली त्याचा पोत कोकणातल्या माशाच्या गाभोळीसारखा लागतो. नारळाच्या दुधात शिजवणे ही दुसरी पद्धत सर्वत्र आढळते आणि फिजीत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांच्या घरी दुरुकाचा मसालेदार रस्साही होतो. हंगाम वर्षातले थोडेच महिने टिकतो. फिजीत तो एप्रिल-मेच्या सुमारास येतो, कारण दक्षिण गोलार्धात दिवस लहान होण्याचा काळ आपल्या उलट असतो. उरलेल्या वर्षासाठी तेथे दुरुका डबाबंद करतात किंवा गोठवतात आणि परदेशी गेलेल्या फिजीवासीयांसाठी ती न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातही पोहोचते.

पिटपिटीचे उसाशी नाते किती जवळचे, हे या प्रकरणात निर्णायक ठरते. न्यू गिनीच्या नदीकाठांवर सॅकरम रोबस्टम हे उंच, टणक, फारशी गोडी नसलेले रानटी गवत दाट माजते. त्यातून माणसाने गोड कांडीची निवड करत करत सॅकरम ऑफिसिनॅरम, म्हणजे जाड चघळण्याचा ऊस, घडवला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. पिटपिटीचाही मुख्य पूर्वज हाच रानऊस समजला जातो. काही अभ्यासकांनी तिच्यात अन्य गवतांचा संकर झाल्याचीही शक्यता मांडली आहे. चघळण्याच्या उसात गुणसूत्रे ८० असतात. पिटपिटीत ती ६० पासून १२० च्या पुढेपर्यंत वेगवेगळी आढळतात. एका निवडीने कांडीतला रस वाढवला, दुसरीने शेंड्यातला तुरा कोंडला, आणि दोन्ही निवडी त्याच मातीत, बहुधा त्याच लोकांच्या हातून झाल्या. १९२८ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने ब्रँडेस आणि येस्वीत यांच्या नेतृत्वाखाली समुद्री विमानातून न्यू गिनीत ऊस गोळा करण्याची मोहीम काढली, ती याच विविधतेसाठी. रोगांना तोंड देणारी जनुके हवी असतील तर ती जेथे ऊस आणि त्याचे रोग एकत्र वाढले तेथेच मिळतील, हा त्या मोहिमेमागचा विचार होता. याच विचाराची दुसरी बाजू अशी की, त्या ठिकाणी उसाचे रोग आणि किडीही सर्वाधिक असणार. रामूच्या मळ्याने ही दुसरी बाजू अनुभवली.

मळ्यावर सुरुवातीला रॅगनार या वाणाचा भर होता. फिजीत लावला जाणारा हा वाण चांगले उत्पादन देणारा होता आणि हजारो हेक्टरांवर एकसारखा पसरला होता. १९८५-८६ च्या सुमारास त्याच्या खोडव्यात आणि लागणीत विचित्र बेटे दिसू लागली. फुटवे भरपूर, पण कांड्या धरत नव्हत्या. पाने आखूड, ताठ आणि फिकट पट्ट्यांची झाली होती, मुळे खुरटली होती. दुरून पाहणाऱ्याला उसाऐवजी एखादे जाडेभरडे गवतच वाटावे, अशी ती बेटे पुढे वाळून जात. आपल्याकडच्या गवताळ वाढ रोगाशी लक्षणे काहीशी जुळत होती, मात्र हा रोग वेगळा होता आणि फार वेगाने पसरत होता. १९८६ चे उत्पादन कोसळले. रोगाला मळ्याचेच नाव मिळाले : रामू स्टंट. कारण शोधण्यात संशोधकांची अनेक वर्षे गेली. आधी फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवावर संशय होता. जनुकीय क्रमवाचनाच्या नव्या तंत्राने रोगट उसात एका विषाणूचे अनेक खंडांचे जनुकद्रव्य सापडल्याचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे मळा बुडायला आला त्यानंतर तब्बल तीस वर्षांनी.

रोगाचा वाहक मात्र बराच आधी सापडला. युमेटोपिना फ्लॅव्हिपेस नावाचा हा एक छोटा तुडतुडा उसाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्यातल्या न उलगडलेल्या पानांच्या सुरळीत, कुटुंबकबिल्यासह राहतो. त्याला गवताच्या शेकडो जाती उपलब्ध असल्या तरी तो राहतो जवळजवळ फक्त सॅकरम प्रजातीवर. मळ्यातला ऊस, खेड्यातला चघळण्याचा ऊस, नदीकाठचा रानऊस आणि परसातली पिटपिट ही सारी त्याची घरे आहेत. पिटपिटीच्या ज्या गुंडाळलेल्या शेंड्यात माणसाचे अन्न तयार होते, तोच शेंडा या किडीचेही निवासस्थान आहे. त्यामुळे मळ्याभोवतीच्या परसबागा हा रोगाचा साठा आहे, असा निष्कर्ष सहज निघतो, आणि तो चुकीचाही नाही. तुडतुडा तेथे होता, आहे आणि राहील.

रोगाच्या पाठोपाठ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात खोड पोखरणाऱ्या अळीने डोके वर काढले. सेसामिया ग्रिसेसेन्स हा पतंग न्यू गिनीचाच रहिवासी आहे. मादी पानाचे आवरण आणि कांडी यांमधल्या फटीत अंड्यांचे पुंजके घालते. अळ्या आधी झुंडीने आवरणाखाली खातात आणि मग शेंड्याकडून कांडीत शिरून खाली पोखरत जातात. शेंडा मरतो, बाजूचे डोळे फुटतात, रस बिघडतो. हिचीही मूळ यजमान झाडे म्हणजे रानऊस, पिटपिट आणि काही जाड गवते. शेंडे पोखरणारी, आपल्याकडेही परिचित असलेली अळी आणि ऊस पोखरणारा भुंगा हे तेथे होतेच. मळ्याचे कीटकशास्त्रज्ञ लास्टस कुनियाता यांनी या किडींवर दीर्घ काळ काम केले. त्यांच्या अभ्यासातून दिसते ते असे की, अळी एकदा कांडीत शिरली की फवारणीचा पैसा वाया जातो. म्हणून अंडी फुटण्याच्या आणि अळी कांडीत शिरण्याच्या दरम्यानचे मोजके दिवस गाठावे लागतात, त्यासाठी सतत शेत पाहणारी माणसे लागतात, आणि कोटेसिया फ्लॅव्हिपेस या छोट्या परोपजीवी गांधीलमाशीची पैदास करून ती सोडणे हा फवारणीपेक्षा टिकाऊ मार्ग ठरतो. महाराष्ट्रात खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड (परोपजीवी मित्रकीटक सोडणारे कार्ड) लावणाऱ्या शेतकऱ्याला ही भाषा अपरिचित वाटणार नाही.

आता प्रश्न असा की, मळ्याच्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून पाहिले तर पिटपिटीचे काय करावे. पहिला, आणि कागदावर सर्वांत सोपा, उपाय म्हणजे मळ्याभोवती काही किलोमीटरचा पट्टा ठरवून त्यातून पिटपिट आणि चघळण्याचा ऊस हद्दपार करणे. वनस्पतिरोगशास्त्रात यजमान झाडे काढून टाकण्याची पद्धत जुनीच आहे. पण रामू खोऱ्यात ती चालण्यासारखी नव्हती, याची कारणे तपासली पाहिजेत. पापुआ न्यू गिनीत सुमारे ९७ टक्के जमीन रूढीनुसार कुळांच्या सामाईक मालकीची आहे आणि मळा स्वतःच अशा जमीनमालकांच्या शेजारात, त्यांच्या संमतीवर उभा आहे. परसबागेतले पीक उपटा असे सांगण्याचा अधिकार तेथे कंपनीला नाही आणि सरकारलाही तो वापरणे अवघड आहे. समजा, पैसे देऊन संमती मिळवली, तरी पिटपिट हे घरच्या जेवणातले हंगामी अन्न आहे आणि बाजाराच्या दिवशी हाती येणारी रोख रक्कमही. शिवाय मळ्यात कामाला येणारी माणसे आपापल्या गावाहून टिपऱ्या बरोबर आणतात आणि वसाहतीत मिळेल त्या कोपऱ्यात लावतात, त्यामुळे उपटलेले दोन वर्षांत परत उभे राहते. आणि हे सर्व जमले असे मानले तरी नदीकाठचा रानऊस उरतोच. तो कोणी लावलेला नाही, म्हणून कोणी उपटूही शकत नाही. पूर आला की त्याची बेटे खाली वाहून जाऊन नव्या काठावर रुजतात. साठ्याचा मोठा भाग हाच असताना परसातल्या चार-सहा बेटांवर कुऱ्हाड चालवणे म्हणजे दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

माझ्या मते या प्रकरणात अधिक महत्त्वाचा प्रश्न उलट दिशेने विचारावा लागतो. तुडतुडा, विषाणू आणि अळी हजारो वर्षे त्याच खोऱ्यात होती, तर परसबागा का बुडाल्या नाहीत? पिटपिटीच्या बागेकडे पाहिले की उत्तराचा बराचसा भाग डोळ्यांसमोर येतो. तेथे एका जागी एकाच वाणाची शेकडो हेक्टर लागण नसते. तारो, रताळी, केळी, भाज्या यांच्यामध्ये पिटपिटीची मोजकी बेटे विखुरलेली असतात, आणि तीही वेगवेगळ्या प्रकारांची : कोणाची आवरणे तांबूस, कोणाची हिरवी, कोणी लवकर तयार होणारी, कोणी उशिरा. एखादे बेट खुरटले तर घरातली बाई ते काढून टाकते आणि शेजारणीकडून दुसऱ्या प्रकाराची टिपरी आणून लावते. खुरटलेल्या बेटाची टिपरी कोणी मागत नाही, त्यामुळे कमजोर प्रकार आपोआप मागे पडतात. बागही काही वर्षांनी पडीक टाकून दुसरीकडे नेली जाते. ही व्यवस्था कोणी रोगनियंत्रण म्हणून आखलेली नाही, तरी तिचा परिणाम तोच होतो. याउलट मळ्याने त्या तुडतुड्यापुढे एकाच वयाचा, एकाच वाणाचा, क्षितिजापर्यंत सलग पोंगा मांडून ठेवला. रॅगनार ज्या देशात नावारूपाला आला तेथे हा विषाणू नव्हता, म्हणून त्याच्याविरुद्ध प्रतिकार आहे की नाही, याची परीक्षाच कधी झाली नव्हती. खोऱ्यात किडी आणि रोग जुने होते, नवा होता तो मळा.

मळ्याने प्रत्यक्षात उचललेली पावलेही याच निदानाशी जुळतात. रॅगनार काढून कॅडमस हा रामू स्टंटला टिकणारा वाण लावण्यात आला आणि उत्पादन सावरले. त्यानंतर कोणताही नवा वाण मोठ्या क्षेत्रावर नेण्याआधी त्याला स्थानिक रोगांच्या तोंडी देऊन पाहण्याची शिस्त लागली. बाहेरून नामवंत वाण आणून थेट लावण्याचे दिवस संपले. निरोगी बेणे, रोगट बेटे काढणे, किडींची नियमित मोजणी, परोपजीवींची पैदास आणि वाणांची विविधता यांवर पुढची वर्षे गेली. पिटपिट कुंपणापलीकडे होती तशीच राहिली.

या प्रकरणाचे महाराष्ट्राशी दोन धागे जुळतात. पहिला वाणांचा. आपल्याकडे कित्येक दशके को ७४० ने राज्य केले आणि आज मोठ्या क्षेत्रावर को ८६०३२ उभा आहे. उत्तम वाण असणे आणि सर्वत्र तोच असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००२ साली सांगली भागातून पसरलेल्या लोकरी माव्याने दाखवून दिले की, सलग उसाच्या पट्ट्यात कीड शिरली तर काही महिन्यांत जिल्हेच्या जिल्हे पांढरे होतात. तेथे कीड पाहुणी होती आणि ऊस घरचा. रामूला नेमके उलटे होते. पण सलग, एकजिनसी पिकाने किडीची वाट सुकर केली, हे दोन्हीकडे सारखेच. लोकरी मावाही शेवटी डायफा आणि मायक्रोमससारख्या मित्रकिडींमुळे आवरला गेला, नुसत्या औषधांनी नव्हे.

दुसरा धागा जनुकांचा. केरळातील कन्नूर येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या ऊस प्रजनन संस्थेचे केंद्र आहे आणि तेथे उसाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या जननद्रव्य संग्रहांपैकी एक जपला जातो. त्यात चघळण्याचे ऊस आणि रानऊस यांच्याबरोबर पिटपिटीचेही प्रकार आहेत. कन्नूरची निवडच मुळी यासाठी झाली की, व्यापारी ऊसपट्ट्यापासून ती जागा दूर आहे आणि रोगराईची देवाणघेवाण तेथे टळते. कोईमतूरला को मालिकेतील वाण घडले ते अशाच परदेशी जाड उसाशी आपल्या रानटी उसाचा संकर करून. त्यामुळे तुरा हा संकरकाराच्या लेखी सोन्यासारखा. तुरा कोंडून ठेवणारी पिटपिट संकराला अवघड, हे खरे. तरी न्यू गिनीच्या रोगांच्या सहवासात टिकलेल्या तिच्या प्रकारांत प्रतिकाराचे कोणते गुण दडले आहेत हे तपासण्यासाठी ती संग्रहात असणे आवश्यकच आहे. मात्र एखाद्या हौशी प्रवाशाने न्यू गिनीतून तिच्या टिपऱ्या सामानात घालून आणणे ही अत्यंत धोकादायक गोष्ट होईल, कारण डोळ्याबरोबर पोंगा येतो आणि पोंग्याबरोबर तुडतुडा.

हा धोका ऑस्ट्रेलियाने सर्वाधिक गांभीर्याने घेतला आहे. न्यू गिनी आणि क्वीन्सलंड यांच्या मधल्या टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवर घरोघरी चघळण्याचा ऊस लावला जातो आणि युमेटोपिना तुडतुडा त्या बेटांवर पोहोचल्याचे आढळले आहे. रोग मात्र तेथे सापडलेला नाही. बेटवासीयांचा परसातला ऊस उपटण्याऐवजी ऑस्ट्रेलियाच्या जैवसुरक्षा यंत्रणेने पाहणीवर भर दिला आहे. तिची माणसे त्या बागांमधून फिरतात, पोंगे उलगडून पाहतात आणि पानांचे नमुने तपासतात. रामूचा मळा २००८ साली न्यू ब्रिटन पाम ऑइल या कंपनीच्या ताब्यात गेला. तेव्हापासून त्या खोऱ्यात उसाच्या जोडीला तेलताडाचे क्षेत्र वाढत गेले आहे. सॅकरमवरच्या तुडतुड्याला त्या ताडात काहीच रस नाही.